बर्फावरचा आडोसा

माझ्यामुळे कुणालाही थांबावं लागणार नाही, असं मी आबांना तोंडावर सांगून निघाले होते. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पिंपळनेरकडच्या त्यांच्या शाळेत मी खेळ शिकवते. देशभरातून निवडलेल्या लोकांना उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ पठारावर न्यायचं, तिथे त्यांनी स्वतःचं सामान स्वतः ओढत चालायचं, तंबूत राहायचं, आळीपाळीने पुढारी व्हायचं आणि त्यातून नेतृत्व आणि संघभावना शिकायची, अशी एक योजना होती. मी अर्ज केला आणि माझी निवड झाली. शाळेत पेढे वाटले गेले. आबांनी पेढा तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "चांगलं शे मॅडम. फक्त तुमनामुळे बाकीना लोकेस्ले थांबनं पडाले नको."

आमच्या गणिताच्या सरांची निवड झाली असती तर आबा असं बोलले असते का? ते सर दुसऱ्या मजल्यावर तास असला की आधी जिन्याखाली खुर्ची मागतात. तरी त्यांना कुणी म्हणालं नसतं की तुमच्यामुळे बाकीचे खोळंबतील. बाई निघाली की मात्र सगळ्यांना आधी तिचा खोळंबाच दिसतो. मला राग आला, आणि राग आला की मी वचनं देऊन बसते. "नाही थांबणार कुणी," मी म्हणाले. "शब्द देते."

मग सराव सुरू झाला. बर्फावर स्लेज, म्हणजे सामानाची बिनचाकी घसरगाडी, ओढायची तर कमरेत ताकद हवी. बर्फ काही आमच्या तालुक्यात मिळत नाही, म्हणून मी ट्रॉलीचा जुना टायर आणला, दोर बांधला, दोराचं दुसरं टोक कमरेला आवळलं आणि ऊन चढायच्या आत गावाबाहेरच्या रस्त्यावरून तो ओढत फिरायला लागले. दूध घालायला निघालेले लोक मोटरसायकल हळू करून विचारायचे, "मॅडम, गाडी कोठे शे?" मी म्हणायचे, "मांगे येई राहिनी." चार-सहा दिवसांत चेष्टा संपली आणि लोक बाजूने जागा सोडून जायला लागले.

निघण्याआधी माहेरी गेले. माहेर सावद्याच्या बाजूला, घरची केळीची शेती. आईने माझ्या जाड कपड्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बर्फात जाऊन काय करशीन व बाई?" मी सांगायला लागले, पण तिचं लक्ष नव्हतं. पोरीचा दौरा किती लांबचा आहे एवढंच तिला मोजायचं होतं. शेवटी तिने तिचा कायमचा सल्ला दिला. "वाटनं पाणी कमी पेजो."

हा सल्ला मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमच्याकडे मुलगी बाहेर निघाली की तिला पहिली गोष्ट हीच सांगतात. वाटेत सोय नसते, आडोसा नसतो, असला तरी तिथे कुणीतरी उभं असतं. म्हणून प्यायचंच नाही. सावद्याहून एसटीत बसले की जळगावचा स्टँड येईपर्यंत मी घोट घेत नसे. शाळेतही नाही, कॉलेजातही नाही. जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धेत आम्ही भर उन्हात तीन-तीन सामने खेळायचो आणि ओठ ओले करून पाणी थुंकून टाकायचो. आपल्याला जमतं, बाकीच्यांना जमत नाही, याचा मला अभिमानच होता. डोकं दुखायचं ते उन्हाने दुखतं असं आम्ही समजायचो.

मग ते पठार पाहिलं. थंडीचा धसका मी आधीच घेऊन ठेवला होता, त्यामुळे ती सोसली. धक्का बसला तो सपाटीचा. आमच्याकडे कपाशी निघाली की रान उघडं पडतं, पण तरीही कुठे बांध असतो, बाभळी असतात, नाल्याचा उतार असतो. केळीची बाग असली तर विचारूच नका, तिच्यात अख्खं गाव लपेल. इथे क्षितिजापर्यंत बोटभर उंचीचं काही नव्हतं. आणि त्या दिवसांत तिथे सूर्य मावळतच नव्हता, म्हणजे अंधाराचाही आधार गेला.

आम्ही सहा जण होतो. आमची प्रमुख वाटाडी तिकडच्याच देशातली, पन्नाशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी बाई. तिचं इंग्रजी तुटक आणि माझंही तुटक, त्यामुळे आमचं छान जमलं. बाकीच्यांत केरळची एक नर्स होती, पुण्याचे एक मॅनेजर गृहस्थ होते आणि दिल्लीकडचे दोन तरुण मित्र होते. ते दोघे आपसातच रमलेले असत. पुण्याच्या गृहस्थांनी नेतृत्वावरची सगळी पुस्तकं वाचलेली होती आणि ती वाचली आहेत हे ते आम्हाला विसरू देत नसत. नर्सला बुटाचा बंद बांधायला वेळ लागला की ते मनगट वर करून घड्याळ पाहायचे. ती बिचारी आणखी घाई करायची आणि बंद पुन्हा सुटायचा.

चालायची रीत साधी होती. पायांना स्की, कमरेला पट्टा, मागे सामानाची स्लेज. एका रांगेत तासभर चालायचं, मग पुढाऱ्याने रांग थांबवायची. त्या थांब्यात प्रत्येकाने थर्मासमधलं गरम पाणी प्यायचं, खायचं, आणि जाऊन यायचं. जाऊन यायचं म्हणजे रांगेपासून थोडं बाजूला व्हायचं, बाकीच्यांनी दुसरीकडे तोंड करायचं. वाटाडीने पहिल्याच दिवशी हे स्वच्छ सांगितलं. "इथे लाज ठेवायची नाही," ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. मीही परिपाठाच्या वेळी मुलींना अशी पुष्कळ स्वच्छ वाक्यं सांगते, त्याही अशाच माना हलवतात.

मी पिणं बंद केलं. ठरवून वगैरे केलं नाही, ते आपोआप झालं. ओठ ओले करायचे, झाकण लावायचं, थोडे शेंगदाणे तोंडात टाकायचे आणि सर्वांत आधी पट्टा बांधून तयार. थांब्याला सर्वांत कमी वेळ कुणाला लागतो? मला. आबांनी पाहायला हवं होतं, असं माझ्या मनात यायचं. संध्याकाळी तंबूत डोकं ठणकायचं तेव्हा मी म्हणायचे, थंडीने ठणकतंय.

मग पुढारी व्हायची माझी पाळी आली. पुढाऱ्याने सर्वांच्या पुढे चालून वाट पाडायची आणि दिशा धरायची. दिशा धरायला होकायंत्र असतं, आणि वाऱ्याने बर्फावर पाडलेल्या लांब रेघा असतात. त्या रेघा कोणत्या कोनात ओलांडायच्या ते सकाळी पक्कं करायचं आणि दिवसभर तो कोन सोडायचा नाही. उजव्या हाताला बर्फात खोल भेगा आहेत, तिकडे अजिबात झुकायचं नाही, असं वाटाडीने निघताना दोनदा बजावलं होतं. तिने हेही सांगितलं होतं की वादळ येतंय आणि त्याआधी आपल्याला पठाराच्या कडेवरच्या लाकडी घरापर्यंत पोहोचायला हवं.

सकाळी मी छान चालले. दुपारच्या सुमाराला त्या रेघा हलायला लागल्या. बोटं बधिर झाली, जीभ टाळूला चिकटली. थांब्याची वेळ झाली होती, पण मी रांग थांबवली नाही. माझ्या दिवशी आपण जास्त अंतर कापायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. अजून थोडं, अजून थोडं करत मी ओढत राहिले. मग मागून वाटाडीची शिट्टी ऐकू आली, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ती स्वतःच धावत आली. मी वळून पाहिलं. आमच्या स्लेजच्या खुणा विळ्याच्या पात्यासारख्या वाकल्या होत्या, आणि त्या उजवीकडे वाकल्या होत्या. मी पाच माणसांना भेगांच्या दिशेने घेऊन चालले होते.

मला उभं राहता येईना. तिथेच तंबू उभारला. वाटाडीने माझ्या पिशवीतून थर्मास काढला आणि कानाशी धरून हलवला. तो सकाळी भरला होता तसाच जड होता. तिने झाकण उघडलं, वाफ वर आली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला पुन्हा शाळकरी मुलगी झाल्यासारखं वाटलं. तिने त्यात साखर घालून मला थोडं थोडं पाजलं. मग सगळ्यांना एका तंबूत बोलावलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी ही चालू शकली नाही तर मला खालच्या तळावरून वाहन मागवावं लागेल. वादळाआधी ते एकदाच येऊ शकतं. म्हणजे मग सगळेच परत जाणार."

'हिच्यामुळे' असं ती बोलली नाही, पण मला ते ऐकू आलं. पुण्याच्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं ते माफी मागायलाच, पण निघालं भलतंच.

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले. "आमच्याकडे मुलीला धड चालता यायच्या आधी धरून ठेवायला शिकवतात. प्रवासात पाणी नाही, शाळेत नाही, मैदानावर नाही, लग्नाच्या मांडवात नाही. आणि इथे, जिथे एक झुडूप नाही, तिथे पाच जणांच्या मध्ये मी जाऊन बसू? आणि तुम्ही सगळे थंडीत कुडकुडत माझी वाट बघणार? मला सांगून पाठवलंय की माझ्यामुळे कुणी थांबता कामा नये. नाही थांबलं कुणी. बघा काय झालं ते."

माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्याचीही चीड आली, शरीरात मुळात पाणी नाही आणि आहे ते असं वाया जातंय. स्टोव्ह फुरफुरत होता.

मग नर्स म्हणाली, "मी पण." ती आपल्या हातमोज्यांकडे बघत बोलत होती. वॉर्डात ड्यूटी संपेपर्यंत तीही पीत नसे. इथे तर ती कुणाला कळू नये म्हणून थर्मासमधलं पाणी प्रत्येक थांब्याला हळूच बर्फात ओतून टाकत होती. वाटाडीने कपाळावर हात मारला. हा हावभाव सगळ्या देशांत सारखाच असावा.

आणि मग पुण्याचे गृहस्थ खाकरले. "माझ्या वयात," ते म्हणाले, आणि थांबले. "माझ्या वयात पुरुषांना वेळ लागतो. फार वेळ लागतो. तुम्ही सगळे पट्टे बांधून उभे राहणार आणि मी तिकडे पाठ करून उभा. म्हणून मीही कमीच पितो."

म्हणजे हा माणूस घड्याळ आमच्यासाठी बघतच नव्हता! स्वतःला किती वेळ लागतो ते तो बघत होता. मला इतका राग आला, आणि तेवढ्याच जोराने हसू आलं. आम्ही तिघं एकमेकांपासून लपवत, तहानेने अर्धमेले होत, वर एकमेकांना घाबरत चाललो होतो, आणि याला आम्ही संघ म्हणत होतो. दिल्लीची दोन मुलं तोंडं उघडी टाकून आमच्याकडे पाहत होती.

वाटाडीने आमची समजूत वगैरे घातली नाही. ती मला म्हणाली, "आजचा दिवस संपलेला नाही. पुढारी तूच आहेस. उद्या कसं चालायचं ते सांग."

मला त्या क्षणी नेतृत्वाचं काही सुचलं नाही. मला आठवलं ते वऱ्हाड. मी लहान असताना आमच्याकडची वऱ्हाडं ट्रकमधून जायची. निम्म्या वाटेवर एखादी धीट अक्का ड्रायव्हरच्या टपावर दणादण थापा मारायची आणि ट्रक थांबवायची. पुरुष कुरकुरत बिड्या पेटवायचे. रस्त्याच्या कडेला चार बायका सतरंजी ताणून धरायच्या, पाठ आत आणि तोंड बाहेर, आणि एकेक जण आत जाऊन यायची. धरणाऱ्या बायका गप्प उभ्या राहत नसत. त्या वरमाईची मोठमोठ्याने टिंगल करत, म्हणजे आतलीला संकोच वाटायला नको. सगळ्या आटपल्याशिवाय ट्रक हलत नसे, लग्नाची वेळ टळत असली तरी.

आमच्याकडे वारा अडवायचं एक मोठं नारंगी कापड होतं. मी म्हणाले, "उद्यापासून दर थांब्याला हे कापड धरायचं. चौघांनी धरायचं, पाठ आत करून. आत प्रत्येकाने जायचं, लागली असो नसो. निघण्याआधी प्रत्येकाने आपला कप उलटा करून दाखवायचा, म्हणजे पाणी पोटात गेलं हे कळेल. आणि धरणाऱ्यांनी गप्प बसायचं नाही. गाणं म्हणा, भांडा, काहीही करा."

"यात वेळ जाईल," पुण्याचे गृहस्थ सवयीने म्हणाले.

"जाऊ द्या," मी म्हणाले.

सकाळी मी चालू शकले. पट्टा मीच बांधला. पहिल्या थांब्याला कापड उघडलं तेव्हा वाऱ्याने ते असं फुगवलं की चौघं चार दिशांना निघाले. दिल्लीच्या मुलांनी खालची टोकं बुटांखाली दाबून धरायची युक्ती काढली. मी आत गेले. बाहेर पुण्याच्या गृहस्थांना गाणं आठवेना, म्हणून त्यांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला आणि मध्येच चुकले. नर्सने तो दुरुस्त केला. मी आतमध्ये एकटीच हसत होते, बर्फावर, भर उजेडात, आणि मला कुणाचीही घाई नव्हती. एवढी साधी गोष्ट मला चाळिशीत मिळाली याचा आनंद झाला आणि एवढी साधी गोष्ट चाळिशीत मिळाली याचा संतापही आला.

मग पुण्याच्या गृहस्थांची पाळी आली. नर्सने आणि मी वाऱ्याकडची बाजू धरली. मी आमच्याकडची लग्नातली गाणी म्हणायला लागले, नर्स तिच्या भाषेतली म्हणायला लागली, दोन्हींचा काही मेळ बसेना. त्यांना वेळ लागला. आमचे हात भरून आले तरी आम्ही कापड सोडलं नाही. ते बाहेर आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि नर्सच्या बुटाचा बंद सुटला होता तो खाली वाकून बांधून दिला.

थांबे मोठे झाले आणि आम्ही जास्त चाललो. यात चमत्कार काही नाही. पाणी प्यायलेली माणसं सरळ चालतात आणि डोकं दुखत नसलं की कमी भांडतात. वाऱ्याचा सूर बदलायला लागला तेव्हा आम्हाला ते लाकडी घर दिसत होतं. दार आतून लावलं आणि थोड्याच वेळात बाहेर काही दिसेनासं झालं. वाटाडी बूट काढता काढता मला म्हणाली, "पुढच्या वेळी मोठं कापड आणीन." तिच्याकडून मिळालेलं प्रशस्तिपत्र ते एवढंच.

परत आल्यावर सत्कार ठरला. शाळेच्या मैदानावर मांडव, मंचावर फलक, फलकावर माझा फुगलेल्या जाकिटातला फोटो. प्रमुख पाहुणे उशिरा येणार हे ठरलेलंच होतं, आणि तरी मुलींना आणि बायकांना सकाळपासून आणून बसवलं होतं. माझ्या वर्गातल्या मुली, शिक्षिका, अंगणवाडीच्या सेविका, पाड्यांवरून पायी आलेल्या बायका. पुरुष उठत होते, कंपाउंडच्या भिंतीमागे जाऊन येत होते. बायकांच्या बाजूला पाण्याचे जार ठेवले होते आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं. मुलींच्या शौचालयात मोडके बाक भरून त्याला कुलूप घातलेलं होतं. ऑफिसच्या मागे नवीन फरशी बसवलेलं एक होतं, त्याच्या दाराशी शिपाई उभा होता. ते पाहुण्यांसाठी होतं.

पाहुणे आले, हार झाले, आबा बोलायला उभे राहिले. नेतृत्व म्हणजे काय ते सांगायला लागले. नेता कधी थांबत नसतो, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी समोर पाहत होते. पुढच्या रांगेत मुली गुडघे घट्ट जवळ घेऊन, किंचित पुढे झुकून बसल्या होत्या. त्या बसण्याची मला चांगली ओळख आहे.

मी उठले आणि माईकपाशी गेले. "आबा, थांबा," मी म्हणाले. "कार्यक्रम थोडा वेळ थांबवायचा आहे. बायका-मुली सकाळपासून बसल्या आहेत. ऑफिसमागचं दार उघडा, आणि मुलींच्या शौचालयातले बाकही बाहेर काढा. सगळ्या जाऊन येतील, मग पुढचं बोलू."

आबांनी माईकवर हात ठेवला. "पाव्हना बठेल शेतस, मॅडम. हाई काय बोलनं शे?"

"थांबतील ते," मी म्हणाले. "माझ्यामुळे थांबावं लागलं, असं सांगा त्यांना."

पण कुणी उठेना. सगळ्याजणी खाली बघत बसल्या. इथेही मलाच पुढे चालायचं होतं. मी सत्काराची शाल खुर्चीवर टाकली, मंचावरून उतरले आणि सगळ्यांच्या देखत ऑफिसच्या मागे निघाले. शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग मंचाकडे पाहिलं आणि बाजूला झाला. मागे बांगड्या वाजल्या. पाड्यावरची एक म्हातारी अक्का गुडघ्यावर हात देऊन उठली होती. "चाला वं," तिने मागे वळून हाक दिली, "बठ्ठ्या चाला."

मग काय, अख्खी एक बाजू उठली. रांग मैदानाच्या टोकापर्यंत गेली. दिल्लीच्या मुलांच्या वयाचे आमचे दोन शिक्षक कुणी न सांगता मोडके बाक उचलायला लागले. आबा माईक धरून उभे होते, पाहुणे मोबाईल बघत होते. कुणीही घाई करत नव्हतं.

परतताना बायका पाण्याच्या जारांपाशी थांबायला लागल्या. ग्लास कमी पडले, तेव्हा त्या ओंजळीने प्यायल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लागोपाठ दोन ग्लास रिकामे केले, मनगटाने तोंड पुसलं आणि जरा घाबरूनच मला विचारलं, "मॅडम, परत लागनी तं?"

"परत थांबवू," मी म्हणाले.